उसना वेग : शर्यतीच्या चेनसॉची साखळी

लाकूडतोड्यांच्या स्पर्धांमध्ये ‘स्टॉक सॉ’ नावाचा एक प्रकार असतो. ४० सेंटीमीटर व्यासाचा ओंडका आडवा जखडून ठेवलेला असतो, त्यावर टोकापासून १० सेंटीमीटरवर रेघ मारलेली असते आणि शेजारी जमिनीवर चालू चेनसॉ घुरघुरत असतो. स्पर्धकाचे दोन्ही हात ओंडक्यावर टेकलेले. इशारा झाला की मशीन उचलायचं, एक चकती वरून खाली कापायची, दुसरी खालून वर. दोन्ही चकत्या रेघेच्या आत आणि अखंड पडल्या पाहिजेत. अव्वल स्पर्धक हे सगळं दहा सेकंदांच्या आसपास उरकतात. १९८५ पासून श्टील या जर्मन कंपनीच्या नावाने चालणाऱ्या ‘टिंबरस्पोर्ट्स’ मालिकेत या प्रकारासाठी सगळ्यांना सारखंच मशीन मिळतं. याच मालिकेत ‘हॉट सॉ’ हा दुसरा प्रकार आहे. त्यात मशीन स्पर्धकाचं स्वतःचं, घडवून घेतलेलं. ओंडका ४६ सेंटीमीटरचा, चकत्या तीन, आणि मशीन सुरू करण्यापासून घड्याळ चालू. तरीही चांगले स्पर्धक पाच ते सात सेकंदांत मोकळे होतात. पाहणाऱ्याला साहजिकच वाटतं की हा फरक इंजिनाचा आहे. इंजिनाचा वाटा मोठा आहेच. पण चेनसॉच्या शर्यतीत खरी कारागिरी जिथे होते ती जागा इंजिनापासून हातभर पुढे, बारवरून, म्हणजे पुढे आलेल्या लांब पट्टीवरून, धावणाऱ्या साखळीच्या नखाएवढ्या दातांत आहे. आणि त्या दातांकडे नीट पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते : शर्यतीची साखळी जो वेग मिळवते तो जवळजवळ सगळा उसना असतो. साखळीच्या टिकाऊपणातून आणि ती चालवणाऱ्याच्या सुरक्षिततेतून तो काढलेला असतो. ही देवघेव समजली तर शर्यतीतल्या साखळीचं कौतुकही योग्य जागी होतं आणि ती कामाच्या मशीनवर का चढवू नये तेही कळतं.

आधी दाताची ओळख करून घेऊ. चेनसॉची साखळी सायकलच्या साखळीसारखी दिसली तरी तिच्यात तीन प्रकारच्या कड्या असतात. खाली टोक असलेल्या कड्या बारच्या खाचेतून धावतात आणि त्यांनाच इंजिनाचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, ओढतं. बाजूच्या साध्या पट्ट्या सगळं रिव्हेटने एकत्र धरतात. तिसरी कडी म्हणजे कापणारा दात, आणि हे दात एक डावा, एक उजवा असे आळीपाळीने येतात. प्रत्येक दाताला दोन पाती असतात. उभं पातं लाकडाचे तंतू बाजूने तोडतं, वरचं आडवं पातं तुटलेले तंतू तळातून उचलून ढलपी काढतं. दोन्ही पाती जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर खरी कापणी सुरू होते. दाताच्या बाहेरच्या अंगाला क्रोमचा अतिशय पातळ, कठीण मुलामा असतो. धार म्हणजे या मुलाम्याचीच उघडी झालेली कड. कानस आतून बाहेर मारतात ती त्यामुळेच. मागच्या पोलादाची झीज होते आणि पुढे क्रोमची कड ताजी होते. दाताच्या त्याच कडीवर, धारेच्या पुढे, एक छोटा उंचवटा असतो. कारागीर त्याला रेकर किंवा डेप्थ गेज म्हणतात. सुताराच्या रंध्याचा तळ जे काम करतो तेच काम हा उंचवटा करतो : पातं लाकडात किती खोल शिरेल यावर मर्यादा घालतो. धारेपेक्षा तो साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असतो. हा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त फरक शर्यतीच्या साखळीच्या कहाणीत फार महत्त्वाचा आहे.

दाताचं हे रूप पहिल्यापासूनचं नव्हतं. सुरुवातीच्या यांत्रिक करवतींच्या साखळ्या हाताच्या आडकापी करवतीची नक्कल होत्या : काही दात फक्त तंतू ओरखडायचे, काही तुटलेला भुसा ओढून बाहेर काढायचे. त्यांना धार लावणं जिकिरीचं होतं आणि कापायच्या हळू. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात लाकूडकाम करणाऱ्या जोसेफ कॉक्स या माणसाने १९४६ साली एका बुंध्यात भुंग्याची अळी पाहिली. लाकडातून ती तंतूंच्या दिशेने आणि तंतूंना आडवी, दोन्हीकडे सारख्याच सहजतेने वाट काढत होती, कारण तिचे जबडे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे आळीपाळीने लाकूड खरवडत होते. कॉक्सने त्या जबड्याचा आकार पोलादात उतरवला. पोर्टलंडमधल्या घराच्या तळघरात तयार झालेली त्याची चिपर साखळी १९४७ मध्ये विक्रीला आली, कंपनीही उभी राहिली आणि आज जगात धावणाऱ्या बहुतेक साखळ्या त्याच कल्पनेच्या वंशातल्या आहेत. या इतिहासातली गोष्ट आपल्या मुद्द्यासाठी अशी, की कॉक्सने वेग वाढवला तो इंजिनाला हात न लावता. लाकूड कापण्याची पद्धत बदलली आणि तेवढीच ताकद जास्त काम करू लागली. शर्यतीसाठी साखळी सुधारणारे आजचे कारागीर त्याच रस्त्याने चालतात, फक्त कॉक्सने जिथे थांबण्याचा निर्णय घेतला तिथे ते थांबत नाहीत.

थोडं गणित केलं की ते नेमकं काय करतात हे दिसतं. स्टॉक सॉसाठी वापरलेलं एमएस ६६१ हे मशीन ९१ सीसीचं, सुमारे ५.४ किलोवॅट म्हणजे सव्वासात अश्वशक्तीचं आहे. सात दात्यांचं स्प्रॉकेट एका फेऱ्यात साखळी साधारण १३ सेंटीमीटर पुढे ढकलतं. मिनिटाला दहा हजार फेरे धरले तर साखळीचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर, ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. अर्धा मीटर बारवरच्या साखळीत डावे-उजवे मिळून ३६ दात असतात आणि सगळी साखळी सेकंदाला सोळा वेळा फिरून येते. म्हणजे कापाच्या प्रत्येक बाजूवरून सेकंदाला जवळपास २८८ दात जातात. प्रत्येक दाताने ०.६५ मिलिमीटर जाडीची ढलपी काढली, तर सेकंदाला १८ सेंटीमीटरहून जास्त खोल काप झाला पाहिजे, आणि ४० सेंटीमीटरचा ओंडका दोन सेकंदांच्या आसपास आरपार व्हायला हवा. प्रत्यक्षात मशीन उचलणं, जागा साधणं, फिरवून खालून लावणं हा वेळ वजा केला तरी एका कापाला साडेतीन-चार सेकंद लागतात. याचा अर्थ प्रत्येक दात आपल्या परवानगीच्या निम्म्याहून थोडी जास्त जाडीच काढतो. इंजिन पूर्ण जाडीची ढलपी इतक्या वेगाने ओढू शकत नाही. जास्त दाबलं तर त्याचे फेरे पडतात आणि साखळी रेंगाळते. हा हिशोब अंदाजी आहे, लाकूड आणि हात बदलला की तो हलतो. पण मर्यादा कुठे आहे ते त्यातून स्पष्ट होतं. साध्या मशीनवर दात अपुरे पडत नाहीत. प्रत्येक घन सेंटीमीटर लाकूड कापायला जी ऊर्जा लागते, ती आणून देणारं इंजिन अपुरं पडतं.

मग इंजिन बदलायचं नसेल तर दोनच मार्ग उरतात. एक, कापायचं लाकूडच कमी करायचं. दोन, तेवढंच लाकूड कमी ऊर्जेत कापायचं. पहिल्या मार्गाचा हिशोब सोपा आहे. नेहमीच्या साखळीचा काप साधारण ८ मिलिमीटर रुंद धरला तर ४० सेंटीमीटरच्या ओंडक्यातून एक काप घेताना जवळजवळ एक लिटर लाकडाचा भुसा होतो. काप ७ मिलिमीटरवर आणला की भुसा आठव्या भागाने कमी, म्हणजे काम आठव्या भागाने कमी. हे कसं साधतात? दाताचं वरचं पातं मागच्या बाजूला थोडं अरुंद आणि थोडं खाली उतरत जातं, त्यामुळे दात जसजसा कानसून मागे नेला जातो तसतसा त्याचा काप अरुंद होतो. झिजलेल्या साखळीला नीट धार असेल तर ती नव्या साखळीपेक्षा जलद कापते, हा जंगलातल्या जुन्या कामगारांचा अनुभव याच कारणाने खरा आहे. शर्यतीचा कारागीर झीज होण्याची वाट पाहत नाही. तो नवी कोरी साखळी घेतो आणि दात घासून मागे नेतो, इतके की शेवटी एखाद्या दाताचा नुसता पुढचा तुकडा उरतो. त्याबरोबर वजनही घटतं. बाजूच्या पट्ट्यांच्या कडा, मागचे टप्पे, खालच्या कड्यांचे नको तेवढे भाग, जिथे पोलाद कापण्याच्या कामात भाग घेत नाही तिथून ते काढून टाकलं जातं. साखळी बारच्या टोकाला आणि स्प्रॉकेटवर प्रत्येक वेळी दिशा बदलते. हलकी साखळी वेग लवकर धरते आणि वळताना कमी ताकद खाते. उरलेल्या पृष्ठभागांना चमक देतात, बारची खाच स्वच्छ आणि गुळगुळीत करतात, तेल पातळ वापरतात. यातलं एकेक पाऊल सेकंदाचा लहानसा तुकडा वाचवतं, आणि शर्यत अशा तुकड्यांनीच जिंकली जाते.

दुसरा मार्ग जास्त रंजक आहे. लाकूड कापताना ऊर्जा मुख्यतः दोन गोष्टींवर जाते : तंतू तोडण्यावर आणि तोडलेला तुकडा वाकवून बाहेर काढण्यावर. एक घन सेंटीमीटर लाकूड शंभर पातळ ढलप्यांमध्ये काढलं तर तंतू तोडण्याचं काम शंभरदा करावं लागतं. तेच पन्नास जाड ढलप्यांमध्ये काढलं तर पन्नासदाच. त्यामुळे जाड ढलपी एकंदरीत स्वस्त पडते, जोपर्यंत इंजिन ती ओढू शकतं तोपर्यंत. याच तर्काने रेकर खाली घासतात, काही वेळा दातांची संख्याच कमी करतात, आणि मग स्प्रॉकेट सातच्या जागी आठ दात्यांचं बसवून साखळीचा वेग सुमारे १४ टक्क्यांनी वाढवतात. इथे नवशिका हमखास फसतो. रेकर जास्त खाली गेला की दात लाकडात घुसतो, मशीन अडखळतं, इंजिनाचे फेरे पडतात, आणि आठ दात्यांच्या स्प्रॉकेटने दिलेला फायदा उलटा जातो. रेकरची उंची, दातांची संख्या, स्प्रॉकेट, इंजिन आणि लाकूड हे पाचही एकमेकांशी जुळले तरच साखळी जलद होते. मऊ पांढऱ्या पाइनसाठी जुळवलेली साखळी कठीण लाकडावर नेली की तीच मंद ठरते. ‘सर्वांत जलद साखळी’ असं काही अस्तित्वात नसतं. अमुक ओंडक्यासाठी, अमुक इंजिनावर जलद, एवढंच म्हणता येतं.

आणि मग धारेचा आकार येतो. नेहमीच्या दाताला गोल कानशीने धार लावतात, त्यामुळे धारेमागे गोलाकार पोकळी राहते. ते सोपं असतं. जंगलात ओंडक्यावर बसूनही जमतं, थोडी चूक झाली तरी दात कापत राहतो. चौकोनी धार लावायची तर सपाट अंगांची कानस लागते आणि आतून दोन सपाट उतार काढावे लागतात, एक वरच्या पात्यासाठी, एक बाजूच्या पात्यासाठी. दोन उतारांची मिळण्याची रेषा नेमकी दाताच्या कोपऱ्यावर यावी लागते. केसभर वर गेली तर बाजूचं पातं नीट तोडत नाही, केसभर खाली गेली तर वरचं पातं कमकुवत होतं. जमलं तर कोपरा पटाशीसारखा लाकडात शिरतो आणि कापणीचा वेग चटकन जाणवेल इतका वाढतो. शर्यतीचे कारागीर त्यापुढे जाऊन पातं आतून आणखी पातळ करतात, म्हणजे पाचर कमी जाडीची होऊन लाकूड कमी ढकलावं लागतं. छत्तीस दात, प्रत्येकाची दोन पाती, सगळ्यांची लांबी, कोन, उंची सारखी. भिंगाखाली पाहत, एकेका दातावर कानशीचे मोजके हात मारत हे काम तासन् तास चालतं. माझ्या मते या खेळातलं सगळ्यांत मोठं कसब इथे आहे, आणि प्रेक्षकांच्या नजरेआड आहे ही त्याची अडचण आहे.

आता उसनवारीकडे येऊ. वर सांगितलेल्या प्रत्येक बदलात काहीतरी गमावलं जातं. दात मागे नेला की पुन्हा धार लावायला पोलादच उरत नाही. ज्या साखळीने महिनोन् महिने काम केलं असतं ती मोजक्या कापांत संपते. पट्ट्या आणि कड्या बारीक केल्या की साखळीची ताण सोसण्याची ताकद घटते. पातं पातळ केलं की पहिल्याच गाठीला किंवा सालीतल्या वाळूच्या कणाला ते बोथट होतं, क्वचित तुटतंही. रेकर खाली घासला की मशीन हादरतं, हात लवकर थकतात आणि किकबॅकचा, म्हणजे बार उलटा उसळण्याचा, धोका वाढतो. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला टेकला आणि दात तिथे एकदम खोल रुतला, की साखळीची सगळी गती उलटून बार चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळतो. माणसाला हात आवरायला वेळ मिळण्याआधी हे घडून गेलेलं असतं. कारखान्यात तयार होणाऱ्या बऱ्याच साखळ्यांमध्ये या धोक्यासाठी उतरता रेकर किंवा संरक्षक कडी मुद्दाम ठेवलेली असते, आणि वजन कमी करताना सगळ्यात आधी तीच काढली जाते. साखळी तुटून तिचा तुकडा उडण्याचा धोका वेगळाच. ताशी ८० किलोमीटरने उडणारा तुकडा आणि हॉट सॉवर ताशी २४० किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या साखळीचा तुकडा यांच्यात वेगाचा फरक तिप्पट दिसतो, पण ऊर्जेचा फरक नऊपट असतो. कंपनी आपली साखळी जरा जाड, जरा हळू आणि जरा सावध बनवते त्याचं कारण कंपनीतल्या अभियंत्यांना वेगाचं गणित येत नाही हे नसतं. ती साखळी दिवसभर, अनोळखी लाकडात, अनोळखी हातात चालणार असते.

इथे पहिला आक्षेप येतो : अशी ओढाताण कशाला, इंजिनच मोठं घ्या. हॉट सॉ हा या आक्षेपाचा जिवंत प्रयोग आहे. त्याची इंजिनं एकाच सिलिंडरची, पण अडीचशे-तीनशे सीसीच्या घरातली, बर्फावरच्या स्कूटरींच्या इंजिनांच्या जातीची. ताकद सत्तर-ऐंशी अश्वशक्तीपर्यंत, वजन सुमारे २७ किलो. स्टॉक सॉच्या तुलनेत ताकद जवळजवळ दहापट. पण मशीन सुरू करण्याचा आणि फिरवण्याचा वेळ सोडून नुसत्या कापणीचा विचार केला, तर सेकंदाला कापलं जाणारं क्षेत्रफळ फार तर चार-पाच पटींनी वाढतं. बाकीची ताकद साखळी तापवण्यात, घर्षणात आणि भुसा बाहेर फेकण्यात जाते. इंजिन जितकं मोठं तितकी साखळीवरची जबाबदारी वाढते : त्या वेगात भुसा बाहेर पडायला दातांमध्ये पुरेशी मोकळी जागा हवी, रिव्हेट टिकले पाहिजेत, सगळ्याच्या सगळ्या दातांनी सारखं काम केलं पाहिजे. एकच दात उंच राहिला तर एवढ्या ताकदीत तो दात मशीनला झटका देतो. म्हणून मोठं इंजिन घेणाऱ्यांनाही साखळी हाताने घडवावीच लागते, उलट त्यांना ती जास्त काळजीने घडवावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. असा खेळ म्हणजे माणसाची कसोटी की कानशीची? जो कारागीर साखळी घडवतो तोच जिंकणार असेल तर मैदानावर उभ्या माणसाला काय अर्थ उरला? मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. सगळ्यांना सारखं मशीन आणि सारखी साखळी देणारा स्टॉक सॉ याच कारणाने महत्त्वाचा आहे. तिथे हाताचा दाब, कोन आणि घाई-संयमाचं भान एवढंच तोललं जातं. पण हॉट सॉला त्यामुळे कमी लेखायचं कारण नाही. तो वेगळ्या कौशल्याचा खेळ आहे, आणि लाकूडतोडीच्या परंपरेत धार लावण्याचं कौशल्य हाताच्या ताकदीपेक्षा कधीच दुय्यम नव्हतं. यंत्र येण्याआधीच्या काळात अमेरिकेच्या जंगलतळांवर करवतींना धार लावणारा माणूस वेगळा असे आणि त्याच्या हाताचा मान मोठा असे, कारण बोथट करवतीने दोन माणसांची दिवसभराची मजुरी वाया जाई. टिंबरस्पोर्ट्समध्येच एकहाती करवतीचा प्रकार आहे, त्यातही पातं तयार करणाऱ्याचं काम निर्णायक ठरतं. स्टॉक सॉ आणि हॉट सॉ हे दोन्ही प्रकार एकाच मालिकेत शेजारी-शेजारी ठेवले आहेत, ही मला त्या खेळाच्या नियमांतली शहाणपणाची गोष्ट वाटते.

तिसरा आक्षेप थेट माझ्या मुद्द्यालाच भिडतो. वेग खरंच उसना असेल, तर अमेरिका आणि कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचे लाकूडतोडे चौकोनी धारेची साखळी रोजच्या कामात का वापरतात? तिथे ती शर्यतीची चैन नाही, पोटापाण्याचं हत्यार आहे. हे खरं आहे, आणि त्यामुळे माझं म्हणणं मोडत नाही, नेमकं होतं. उसनवारी किती महाग पडेल ते परिस्थितीवर ठरतं. त्या जंगलांतली झाडं प्रचंड उंच, सरळ, मऊ लाकडाची. काप बहुधा बुंध्यावर, चिखलापासून वर. मशीन चालवणारा माणूस आयुष्य त्यात घालवलेला आणि धार लावण्यात तरबेज. तिथे धार लवकर जाण्याचा खर्च वाचलेल्या वेळेपेक्षा कमी पडतो. पण तिथलेही कामगार शर्यतीसारखा दाताचा तुकडा उरेपर्यंत घासत नाहीत, संरक्षक कड्या वाटेल तशा काढत नाहीत. धारेचा आकार त्यांनी घेतला, बाकीची वजाबाकी घेतली नाही. धूळ, खिळे, वाळलेलं कठीण लाकूड जिथे आहे तिथे तीच माणसं गोलाकार कोपऱ्याच्या, हळू पण चिवट साखळीकडे वळतात.

आपल्याकडे चेनसॉच्या शर्यती नाहीत, पण चेनसॉ आहे, आणि सर्वांत निकडीच्या प्रसंगी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या गावांमध्ये रस्ते बंद होते ते पडलेल्या झाडांनी. एनडीआरएफची पथकं आणि गावकरी यांनी मशीन लावून वाटा मोकळ्या केल्या. दर पावसाळ्यात मुंबईत पडणाऱ्या झाडांवर अग्निशमन दलाचे जवान हेच काम करतात. इथल्या लाकडाकडे पाहा : नारळ-पोफळीच्या खोडात वाळूतलं सिलिका मुरलेलं असतं आणि ते धारेला खातं, आंब्या-फणसाच्या बुंध्याला माती लागलेली, शहरातल्या झाडात पाट्यांचे खिळे रुतलेले, फांद्यांवर विजेच्या तारा ताणलेल्या, आणि कापणारा माणूस भिजलेल्या ढिगाऱ्यावर तोल सांभाळत उभा. इथे शर्यतीची साखळी पहिल्या दोन-तीन कापांत निकामी होईल, आणि ताणलेल्या फांदीत अडकून उसळली तर माणसाचा जीव घेईल. इंटरनेटवर शर्यतीचे व्हिडिओ पाहून कामाच्या मशीनचे रेकर मनाने घासणाऱ्यांना हे सांगितलं पाहिजे, कारण रेकर घासणं हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत फसवा बदल आहे. पाच मिनिटांत होतो, कापणी जोरात झाल्यासारखी वाटते, आणि धोका एखाद्या दिवशी अचानक समोर येतो.

वेगाशिवाय दुसऱ्या गोष्टींना मान देणारी स्पर्धाही जगात आहे, आणि मला ती कामाच्या माणसासाठी जास्त उपयोगाची वाटते. १९७० मध्ये हंगेरी आणि युगोस्लाविया यांच्यातल्या सामन्यातून सुरू झालेल्या जागतिक लाकूडतोड अजिंक्यपदात झाड ठरलेल्या खुंटीच्या दिशेने पाडायचं असतं, बारवरची साखळी झटपट बदलायची असते, आणि एका प्रकारात जमिनीवर पडलेला ओंडका खालच्या फळीला दात न लावता आरपार कापायचा असतो. घड्याळ तिथेही आहे, पण फळीला साखळी लागली किंवा सुरक्षेचा नियम मोडला तर गुण जातात. अशा स्पर्धेत रेकर खूप खाली घासलेली साखळी तोट्यात जाते, कारण शेवटच्या मिलिमीटरवर ती थांबवता येत नाही.

शर्यतीच्या कारागिराकडून कामाच्या माणसाने घ्यायचं ते त्याचं मोजमाप. सगळे डावे आणि सगळे उजवे दात एका लांबीचे ठेवायचे. एका बाजूचे दात लांब राहिले की काप त्या बाजूला वळतो आणि बार खाचेत अडकतो. कानशीचा कोन प्रत्येक दाताला सारखा धरायचा, कानस दाताच्या वरच्या कडेच्या जरा वर, व्यासाचा पाचवा भाग बाहेर दिसेल अशी. चार-पाच वेळा धार लावली की दात मागे सरकून थोडा खाली आलेला असतो, तेव्हा रेकर मापपट्टी लावून, सपाट कानशीने, कंपनीने सांगितलेल्या मापापर्यंतच खाली आणायचा आणि त्याची पुढची कड पुन्हा गोल करायची, म्हणजे तो लाकडाला न अडखळता त्यावरून सरकतो. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला तर धार गेलेली आहे. ढलप्या जाड आणि सारख्या पडत असतील तर साखळी नीट कापते आहे.